रविवारचं शटर: बर्गन काउंटीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

बर्गन काउंटीतल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मागच्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर चहाच्या टेबलाशेजारी एक कागद ठेवला होता. वर ठळक अक्षरांत 'बर्गनमधला रविवारचा बंद उठवा', खाली सह्यांचे रकाने. म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या या काउंटीत रविवारी दुकानं बंद ठेवायला लावणारा कायदा रद्द करा, ही मागणी. माझ्या आधी एकवीस सह्या झाल्या होत्या. त्यातले निम्मे माझ्या चांगल्या ओळखीचे, तिघांना तर मीच गाडी विकली आहे. कुणीतरी माझ्या हातात पेन दिलं. एका हातात चहा, दुसऱ्या हातात लेकाचं दप्तर, असं निमित्त करून मी तिथून सटकले. घरी पोचेपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली. सही करायची नव्हती तर तसं तोंडावर सांगायला हवं होतं. ते आता सांगते, आणि सगळ्यांना एकदमच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी गाड्या विकते. रूट १७ वरच्या एका शोरूममध्ये, अकरा वर्षं झाली. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला बघून "कुणी सेल्समन आहे का?" असं विचारलं होतं आणि शेवटी माझ्याकडूनच गाडी नेली. तो राग आता गेला आहे. बराचसा.

त्या कागदावर दोन कायद्यांची खिचडी झाली आहे. आधी डाळ-तांदूळ वेगळे करते.

गाड्यांचा कायदा आहे अख्ख्या न्यू जर्सीचा, १९५५ चा. रविवारी मोटारगाडी विकायची नाही, विकत घ्यायची नाही, अदलाबदलही करायची नाही. हे प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं कायदा कायम ठेवला. तेव्हा बर्गनच्या कागदावर हजार सह्या झाल्या तरी रविवारी माझं शोरूम उघडणार नाही, दुसऱ्या काउंटीतल्या एडिसनमधलंही नाही. पलीकडे पेनसिल्व्हेनियातही तीच गत आहे.

दुकानांचा कायदा वेगळा, १९५९ चा. त्यानं निर्णय काउंटीवर सोपवला: लोकांनी मतदान करून ठरवावं, रविवारी कपडे, फर्निचर, घरातली-ऑफिसातली उपकरणं आणि बांधकामाचं सामान विकू द्यायचं की नाही. एकेक काउंटी यातून बाहेर पडली आणि आता एकटी बर्गन उरली. इथे १९९३ च्या नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं, तेव्हाही लोकांनी बंदच राखला. पॅरामस गावाचे नियम तर त्याहून कडक. म्हणून एरवी ज्या गावात पार्किंगसाठी आपण वीस मिनिटं घिरट्या घालतो, तिथे रविवारी गार्डन स्टेट प्लाझा मॉलच्या पार्किंगमध्ये पोरांना सायकल शिकवता येते.

कायद्यात हास्यास्पद गोष्टी आहेत, हे मी आधीच कबूल करते. नाहीतर तुम्ही पत्र इथेच सोडून द्याल. दूध मिळतं, चादर मिळत नाही. औषध मिळतं, मोजे मिळत नाहीत. एका सुपरमार्केटमध्ये मी पातेल्यांच्या रांगेपुढे दोरी बांधलेली पाहिली आहे. दोरीच्या पलीकडे कुकर, अलीकडे तूरडाळ. माझे सासू-सासरे पहिल्यांदा आले तो जानेवारीतला रविवार होता आणि त्यांच्या दोन्ही बॅगा विमान कंपनीनं भलतीकडेच पाठवल्या होत्या. बाहेर उणे आठ. सासूबाई सुती साडीत, वर माझा जुना कोट. स्वेटर आणि थर्मल घ्यायला आम्ही शेजारच्या पसेइक काउंटीत, वेनच्या मॉलमध्ये गेलो. वाटेत पॅरामसमधली कपड्यांची दहा-बारा बंद दुकानं ओलांडली. सासरे प्रत्येक दुकान बोटानं दाखवत होते. "इथे काय, संप आहे का?"

ही गंमत आजची नाही. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे मेरीलँडमधला एक खटला आला. एका मोठ्या दुकानातल्या नोकरांनी रविवारी काय विकलं होतं? एक फाइल, एक डबा फरशीचं मेण, एक स्टेपलर आणि त्याच्या पिना, आणि एक खेळणं. एवढ्यासाठी दंड, आणि दंड मालकाला नाही, विकणाऱ्या नोकरांना! कोर्टानं तरीही कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती वॉरन यांचं म्हणणं थोडक्यात असं: या कायद्यांचा उगम धर्मात असेल, पण आता त्यांचा हेतू सगळ्यांना एकाच दिवशी विसावा मिळावा हा आहे, आणि तो सरकारला ठरवता येतो.

'एकाच दिवशी' या दोन शब्दांसाठी मी हे पत्र लिहिते आहे. पण ते मला कोर्टाच्या निकालातून कळलेलं नाही.

माझे बाबा दादरला एका कापडाच्या दुकानात गुमास्ता होते. गुमास्ता म्हणजे गादीवर उभं राहून ताग्यामागून तागा उलगडणारा माणूस. गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी चेहरा न पाडता सगळे तागे परत गुंडाळणारा. मुंबईचा १९४८ चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा आपल्याकडे त्यांच्याच नावानं ओळखला जातो. गुमास्ता कायदा, गुमास्ता लायसन्स. त्या कायद्यात साधी अट होती: आठवड्यातून एक दिवस दुकान बंद राहिलं पाहिजे. बाबांच्या दुकानाचा तो दिवस सोमवार.

मालक माणूस वाईट नव्हता, पण सोमवार फुकट जातो हे त्याला बघवत नसे. महिन्यातून दोन सोमवार तरी 'स्टॉक मोजायला' बोलावणं यायचं. शटर अर्धं खाली, आत चार गुमास्ते, ट्यूबलाइट आणि लाल बासनातल्या वह्या. एकदा मी डबा द्यायला गेले होते, सहावीत असेन. तेवढ्यात कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "साहेब आले!" मालकानं शटर सरकन खाली ओढलं, दिवा घालवला, पंखा बंद केला. मे महिना. आम्ही सहाजण वीस मिनिटं अंधारात बसलो होतो. नव्या कापडाचा खळीचा वास आणि घामाचा वास. बाबांनी माझ्या तोंडावर हात धरला होता, मी हसेन म्हणून. शॉप इन्स्पेक्टरनं शटरवर दोनदा थाप मारली आणि बाहेरूनच म्हणाला, "शेठ, फटीतून उजेड दिसत होता."

दंड झाला. किती ते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर वर्षभर बाबा सोमवारी घरी असायचे.

त्या इन्स्पेक्टरला वह्या तपासाव्या लागल्या नाहीत. कुणाची रजा कधी झाली, सही खरी की खोटी, कोण राजीखुशीनं आला आणि कोण नोकरीच्या भीतीनं, यातलं काहीही त्याला विचारावं लागलं नाही. बंद शटर रस्त्यावरून दिसतं. उघडं असलं तरी दिसतं. पानवाल्याला कळतं, शेजारच्या दुकानदाराला कळतं, सहावीतल्या पोरीलाही कळतं. रजेचं तसं नाही. रजा वहीत असते आणि वही मालकाच्या कपाटात.

महाराष्ट्रात आता नवा कायदा आहे, २०१७ चा. दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायची, पण ती पाळीपाळीनं. आणि कायद्याचा मुख्य भाग सुरुवातीला ठेवला तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. बाबांच्या दुकानात चारच गुमास्ते होते. मॉलमध्ये फिरणाऱ्या आपल्या मंडळींना हा बदल आवडला, मलाही सुट्टीवर गेल्यावर सोयीचाच वाटतो. पण बाबांसमोर मी तसं कधी म्हटलं नाही.

आता त्यांच्या सोमवारची दुसरी बाजू. सोमवारी आम्ही भावंडं शाळेत आणि आई बालवाडीत शिकवायला. बाबा घरी एकटे. मटार सोलून ठेवायचे, सायकलचं पंक्चर काढायचे, रेडिओ ऐकायचे. आम्ही परत येईपर्यंत त्यांचा दिवस संपत आलेला. आमच्या रविवारी ते दुकानात. शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला ते नव्हते, मावशीच्या लग्नाला संध्याकाळी जेवणापुरते आले. सुट्टी होती, कायद्यानं होती, पगारी होती. फक्त ती आमची सुट्टी नव्हती. सहा महिन्यांपूर्वी बाबा गेले. तेराव्याला त्यांचे दुकानातले दोन जुने सोबती आले होते, आणि आम्हा भावंडांना प्रथमच कळलं की बाबा नकला फार छान करायचे. मालकाची, गिऱ्हाइकांची, आमच्या आईची सुद्धा. आम्ही त्यांची एकही नक्कल पाहिलेली नाही.

तर, माझं शोरूम.

कमिशनवर पोट असलेल्या माणसाला 'तुला हवी ती सुट्टी घे' म्हणणं म्हणजे काय, ते सांगते. आम्हाला दर आठवड्याला मिळतो तो 'ड्रॉ'. आपल्याकडे ऊसतोड कामगारांना मिळते ना, ती उचल. कमिशन झालं की त्यातून वळती. गाडी कमी नफ्यात गेली तर हातात पडते ती 'मिनी', म्हणजे शे-दोनशे डॉलर. आणि मराठी गिऱ्हाईक असेल तर बहुधा मिनीच पडते. अहो, चार डीलरांची कोटेशनं एक्सेलमध्ये घालून आणता तुम्ही! दारातून आलेलं नवं गिऱ्हाईक म्हणजे 'अप'. 'घरी विचारून परत येतो' म्हणून जाणारं म्हणजे 'बी-बॅक', आणि बी-बॅकवर शहाण्यानं विसंबू नये. अप पाळीनं मिळतात. जो हजर नाही त्याची पाळी पुढच्याला.

शनिवारी सकाळी नऊला उभी राहिलेली मी रात्री नऊनंतर बसते. माझी आठवडी रजा मंगळवारी असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत अप कमी, म्हणून ती रजा घेणं परवडतं. तरी अकरा वर्षांत महिनाअखेरचा मंगळवार मी क्वचितच घरी काढला असेल. टार्गेट पूर्ण व्हायला एक गाडी कमी असते आणि बोनस त्या एका गाडीवर अडलेला असतो. कुणी जबरदस्ती करत नाही. मॅनेजर फक्त विचारतो, "उद्या येणार आहेस का?" त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर किती महाग पडतं, ते त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

रविवारी तो विचारत नाही. कारण शटर बंद असतं. माझं बंद असतं, समोरच्या शोरूमचं असतं, पुढच्या चौकातल्याचंही असतं. मी घरी बसल्यानं माझा अप दुसऱ्या कुणाला जात नाही. आठवड्यातला हा एकच दिवस असा आहे की ज्या दिवशी घरी राहण्याची मला किंमत मोजावी लागत नाही. आणि त्याच दिवशी पोरांना शाळा नसते, नवरा घरी असतो, मराठी शाळा असते.

ओव्हरटाइमचं काय, असं गेल्या वर्षी एका काकांनी मला विचारलं होतं. काका, आठवड्याला ४० तासांवर दीडपट पगार देणारा जो केंद्राचा कायदा आहे, त्यातून डीलरशिपमधले सेल्समन, पार्ट्सवाले आणि मेकॅनिक वगळलेले आहेत. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनाही त्याच रांगेत बसवलं, पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे उद्या रविवार उघडला तर माझा सातवा दिवस मालकाला केंद्राच्या कायद्यानं एका डॉलरनंही महाग पडणार नाही.

तुम्ही म्हणाल, मालकांनाही हा बंद हवाच आहे, त्यात कामगारांचा कळवळा कुठला? बरोबर आहे. बरेच डीलर या कायद्याच्या बाजूचे आहेत, कारण सहा दिवसांत होतो तोच धंदा सात दिवसांत पसरला तर वीजबिल आणि पगार तेवढे वाढतात. गाडी म्हणजे भेळ नाही, दुकान उघडं दिसलं म्हणून कुणी जाता जाता घेत नाही. मालकाचा स्वार्थ आणि माझी सुट्टी एका रांगेत उभी आहेत, आणि मी काही त्या रांगेतून 'तुझा हेतू शुद्ध नाही' म्हणून बाहेर पडणार नाही. टेक्सासात बघा. तिथे डीलरला शनिवार किंवा रविवार, दोन्हींपैकी एकच दिवस उघडता येतं, कुठला ते त्यानं ठरवायचं. शनिवारचा धंदा सोडायला कोण तयार होणार? रविवारीच कुलूप लागतं.

पण टेक्साससारखी निवड इथे का नाही, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते असल्याचा आव आणणार नाही. बर्गनमधल्याच टीनेक गावात आपले कितीतरी ऑर्थोडॉक्स ज्यू शेजारी आहेत. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत ते काही विकत घेत नाहीत, विकत नाहीत. रविवारी काउंटीच बंद. त्यांच्यातल्या दुकानदाराला आठवड्याचे पाचच दिवस उरतात. १९६१ मध्येच फिलाडेल्फियाच्या ज्यू व्यापाऱ्यांनी हेच गाऱ्हाणं सुप्रीम कोर्टापुढे मांडलं आणि ते हरले. मला तो निकाल पटत नाही. शनिवारी शटर लावणाऱ्याला रविवारी उघडू द्यावं, अशी दुरुस्ती कुणी आणली तर त्या कागदावर पहिली सही माझी. तुमच्या कागदावर तसलं काही नव्हतं. त्यावर सरसकट उठवायचं होतं.

आणि 'हा ख्रिश्चनांचा रविवार, आपला काय संबंध' असं जे ग्रुपवर लिहिलं गेलं, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. आपलाच तर संबंध आहे! १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे धाडलं. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. गिरणीमालक बधायला सहा वर्षं गेली. १० जून १८९० रोजी त्यांनी ती मान्य केली. लोखंडे सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. चर्चशी त्यांचं काय देणं-घेणं? रविवार हा खंडोबाचा वार, असं त्यांनी मालकांना सांगितल्याची गोष्ट आपल्याकडे सांगतात. साहेबाला चर्चसाठी हवा, मजुराला जेजुरीसाठी, आणि दोघांचाही भोंगा एकाच दिवशी बंद. त्या साडेपाच हजारांतल्या बहुतेकांनी अंगठे उमटवले असणार. आपण सगळे पदवीधर, पार्कर पेनानं नेमकी उलटी सही करतो आहोत.

हा बंद उठवायचे प्रयत्न आधीही झाले आहेत. २०१० मध्ये राज्यपाल क्रिस्टींनी अर्थसंकल्पात बर्गनचा रविवार उघडून साडेसहा कोटी डॉलरचा विक्रीकर धरला होता. काउंटीत एवढा गदारोळ झाला की त्यांनी तो नाद सोडला. दोन वर्षांनी सँडी वादळ आलं. तेव्हा मी अजून गाड्या विकत नव्हते. आमच्याकडे आठ दिवस वीज नव्हती, पेट्रोलला सम-विषम नंबराच्या रांगा. ११ नोव्हेंबर २०१२ चा रविवार त्याच क्रिस्टींनी खास हुकूम काढून उघडा ठेवला. त्या दिवशी आम्ही पांघरुणं, बॅटऱ्या आणि एक रूम हीटर घेतला. म्हणजे घर पडलं, वीज गेली, तर एका रविवारापुरतं शटर वर करता येतं. त्यासाठी कायदा मोडीत काढावा लागत नाही.

आता प्रश्न आपल्याच काउंटीतल्या, मेडोलँड्समधल्या अमेरिकन ड्रीम मॉलचा. तिथले झोपाळे आणि बर्फावरचं स्कीइंग रविवारी चालतंच, त्याला कुणाची हरकत नाही. पण २०२५ मध्ये तिथली कपड्यांची दुकानंही रविवारी उघडू लागली. त्यांचं म्हणणं, जमीन राज्याच्या मालकीची, काउंटीचा कायदा आम्हाला लागू नाही. पॅरामसनं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. ग्रुपवर एकानं लिहिलं, "त्यांचं उघडं आहे तर सगळ्यांचंच उघडा, न्याय होईल." न्याय? हे म्हणजे एकानं सिग्नल तोडला म्हणून सिग्नलच उखडून टाकायचा. पॅरामसमधला छोटा बुटाचा दुकानदार आज रविवारी घरी असतो कारण शेजारचा मॉलही बंद असतो. शेजारी उघडला की त्यालाही उघडावं लागेल, आणि दोन नोकरांच्या दुकानात पाळीची सुट्टी म्हणजे उरलेल्या एकावर बारा तास.

माझा स्वतःचा रविवार कितपत शाबूत आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्हीच म्हणाल. तुम्ही शनिवारी रात्री अकराला वेबसाइटवर 'किंमत कळवा' असं बटण दाबता ना, ते माझ्या फोनवर येतं. दहा मिनिटांत उत्तर गेलं नाही तर दुसऱ्या डीलरचं जातं. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी रविवारी उत्तरं दिली आहेत, 'उद्या सकाळी नऊला भेटू' अशी. १९५५ च्या कायद्याला खिशातला फोन माहीत नव्हता. लेकीनं एकदा काचेवर टकटक केली होती, तिची बाराखडीची स्पर्धा संपलेली होती. कितवी आली ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही उशिरा. शटर बंद असूनही मी फटीतून उजेड दाखवतेच आहे. शटर उघडं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी करून पाहिला आहे, आणि म्हणूनच सही केली नाही.

'आम्हाला आठवडाभर ऑफिस, खरेदीला रविवारच उरतो' ही तक्रार मला समजते. पण बर्गनमध्ये शनिवार आहे, रोज रात्री नऊ-साडेनऊपर्यंत दुकानं उघडी आहेत, वेन पंचवीस मिनिटांवर आहे आणि न्यूयॉर्कची हद्द त्याहून जवळ. बरं, रविवारी माल विकणारी ती मुलगी आपल्यापैकी कुणाची नसेलच असंही नाही. ग्रॉसरीच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या गुजराती, तेलुगू मावशा मला रविवारी भेटतात. एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा व्हिसा, सुटल्यावर पहिली नोकरी अशीच मिळते, मला विचारा. आपण आयटीतले लोक सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या सुट्टीवर सही करताना जरा बिचकायला हवं होतं, एवढंच.

मागणी एवढीच आहे: तो कागद काउंटीकडे धाडण्याआधी एकदा सगळ्यांनी बसून बोलू. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्याशी माझं भांडण नाही. शनिवार-रविवार निवडीची दुरुस्ती लिहून काढायला कुणी वकील मंडळींनी मदत केली तर मी टाइप करते, पोहे माझ्याकडे. मात्र बैठक रविवारीच ठेवा. शनिवारी मला यायला जमणार नाही.

आणि जाता जाता. रविवारी आमच्या लॉटवर हात मागे बांधून फिरणारी जी जोडपी दिसतात, त्यांत आपले बरेच असतात हे मला माहीत आहे. कॅमेऱ्यात दिसता तुम्ही. खुशाल फिरा. मागे लागायला कुणी नसतं, किमतीचं स्टिकर काचेवर असतं, डिकी किती मोठी ते बाहेरून अंदाजानं कळतं. पोराला टायरवर पाय देऊ नको म्हणा. सोमवारी नऊला फोन करा, मी असते.

आपली,
रूट १७ वरची सेल्सवाली